तिकडचा प्रोग्राम, हिकडं खिडकी: एसएसएचवरनं एक्स चालवताना सारखे सारखे येणारे प्रश्न

विद्यापीठात पीएचडी करणारी पोरं, कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कास्टिंगचं सिम्युलेशन बघणारी मंडळी आणि घरातनं काम करणारे दोस्त, सगळे मला हेच हेच विचारतात. परवा तर एकाच दिवशी तिघांनी 'कान्ट ओपन डिस्प्ले' ह्या एररचा फोटो पाठवला, स्क्रीनशॉट पण नव्हे, मोबाईलनं काढलेला तिरका फोटो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतोय. कमांडी बोलतो तशाच लिहिल्यात, टाईप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरा, आणि जिथं कॅपिटल-स्मॉलनं फरक पडतो तिथं तसं सांगितलंय.

१. हे नक्की असतं काय? लांबच्या मशीनवरचा प्रोग्राम माझ्या स्क्रीनवर कसा काय दिसतो?

युनिक्स-लिनक्सवर खिडक्या दाखवायचं जुनं काम एक्स विंडो सिस्टिमचं. ही १९८४ साली अमेरिकेत एमआयटीत सुरू झाली आणि अजून चालू असलेली अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स११, १९८७ ची. तिथं कॅम्पसभर वेगवेगळ्या कंपन्यांची मशीनं नेटवर्कला जोडलेली होती, त्यामुळं प्रोग्राम एकीकडं चालणार आणि खिडकी दुसरीकडं उघडणार हे पहिल्यापासनं धरूनच ती बांधलीय. प्रोग्राम 'इथं रेघ मार, इथं हे अक्षर काढ' असे निरोप पाठवतो, तुमच्या समोरचं मशीन ते रंगवतं, आणि तुम्ही दाबलेली बटणं उलट्या वाटेनं तिकडं जातात. हे निरोप एसएसएचमधनं (लांबच्या मशीनवर लॉगिन करायची एन्क्रिप्टेड वाट) नेले की झालं एक्स११ फॉरवर्डिंग.

२. सर, सर्व्हर तर शिरोलीत आहे, मग माझ्या लॅपटॉपला एक्स सर्व्हर का म्हणताय?

इथं सगळेच गंडतात. एक्सच्या भाषेत सर्व्हर म्हणजे ज्याच्याकडं स्क्रीन, कीबोर्ड, माउस आहे तो, कारण तो ह्या गोष्टी दुसऱ्याला वापरायला देतो. प्रोग्राम त्या मागतो म्हणून प्रोग्राम क्लायंट. म्हणजे एसएसएचचा सर्व्हर शिरोलीत आणि एक्सचा सर्व्हर तुमच्या मांडीवर. हे एकदा डोक्यात बसलं की प्र. ७ आणि ८ आपोआप कळतात.

३. एसएसएच कशाला पाहिजे? आमच्या लॅबमध्ये 'एक्सहोस्ट प्लस' मारलं की लगेच चालायचं.

चालायचं, आणि कुणाचंही चालायचं, तोच तर घोळ. 'एक्सहोस्ट प्लस' म्हणजे घराचं दार काढून ठेवणं. तुमच्या डिस्प्लेपर्यंत जो पोचेल तो तुमच्या स्क्रीनवर खिडकी उघडू शकतो, स्क्रीनचा फोटो घेऊ शकतो आणि तुम्ही काय टाईप करताय ते वाचू शकतो, पासवर्डसकट. कॉलेजला असताना मी हे केलं होतं, आणि लॅबमधल्या एका दोस्तानं माझ्या स्क्रीनवर माउसकडं बघणारे ते एक्सआइजचे दोन डोळे पन्नासेक वेळा उघडले. दोस्त होता म्हणून हसण्यावारी गेलं.

वर साधं एक्स नेटवर्कवर गेलं (पहिल्या डिस्प्लेला ६००० नंबरचं पोर्ट) तर ते उघड्यावर जातं, एन्क्रिप्शन काही नाही. आता बहुतेक डिस्ट्रोत (उबंटूसारख्या लिनक्सच्या प्रकारांत) ते पोर्ट मुळातच बंद असतं, आणि ते कुठल्यातरी जुन्या ट्युटोरियलमध्ये बघून परत उघडू नका.

एसएसएच १९९५ मध्ये फिनलंडच्या तातू युलोनेननं लिहिलं, त्याच्या विद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड चोरून ऐकत होतं म्हणून. आपण वापरतो ते ओपनएसएसएच, ओपनबीएसडीवाल्यांनी १९९९ ला आणलेलं. ते वाट तर एन्क्रिप्ट करतंच, पण अजून एक झकास काम करतं. एक्समध्ये आत यायला एक कुकी लागते, १२८ बिटची, अंबाबाईच्या देवळाबाहेर चप्पल स्टँडवर बिल्ला देतात तसं समजा, बिल्ला दाखवला तरच चप्पल मिळणार. एसएसएच तिकडच्या मशीनला तुमचा खरा बिल्ला देतच नाही, एक खोटा बनवून देतं, आणि तिकडनं खोटा आला की हिकडं तपासून खरा लावतं. म्हणजे खरी कुकी तुमच्या मशीनबाहेर जात नाही.

४. बरं, लिनक्स लॅपटॉपवरनं कमीत कमी काय करायचं?

तुमच्याकडं: एसएसएच, डॅश कॅपिटल एक्स, मग युजर अ‍ॅट मशीनचं नाव. आत गेल्यावर एक्सक्लॉक किंवा एक्सआइज चालवून बघा, खिडकी आली की विषय संपला. स्मॉल एक्स टाकलात तर उलटं होतं, फॉरवर्डिंग बंद होतं, आणि ही चूक मी अजूनही आठवड्यातनं एकदा करतो.

तिकडं दोनच गोष्टी लागतात. ईटीसीमधल्या एसएसएच फोल्डरच्या एसएसएचडी-कॉन्फिग फाईलमध्ये 'एक्स११फॉरवर्डिंग येस', आणि एक्सऑथ नावाचा छोटा प्रोग्राम इन्स्टॉल केलेला. तिकडं अख्खा डेस्कटॉप लागत नाही, मॉनिटर पण लागत नाही, लोक उगाच सर्व्हरवर जीनोम टाकून बसतात.

पहिल्यांदा जोडताना एसएसएच फिंगरप्रिंट (त्या मशीनची ओळखखूण) दाखवून विचारतं, तेव्हा डोळे झाकून येस म्हणू नका, ज्याचं मशीन आहे त्याला फोन करून निदान शेवटची सात-आठ अक्षरं तरी जुळवा. त्याच जागी पुढं कधी 'होस्ट की बदलली' अशी मोठी बोंब आली आणि मशीन कुणी फॉरमॅट केलं नसेल, तर तिथंच थांबा.

५. माझ्याकडं विंडोज आहे, मग?

विंडोजमध्ये एक्स सर्व्हर नसतो, तो वेगळा घ्यावा लागतो. व्हीसीएक्सएसआरव्ही आणि पुटी ही जुनी जोडी. पुटीत कनेक्शन, एसएसएच, एक्स११ असं जाऊन 'एनेबल एक्स११ फॉरवर्डिंग'ला टिक करायची आणि मग सेशन सेव्ह करायचं, नाहीतर पुढच्या वेळी टिक गायब. मोबाएक्सटर्ममध्ये दोन्ही आधीच एकत्र असतं, नवख्या माणसाला मी तेच सांगतो. विंडोज ११ वर डब्ल्यूएसएल टाकलं असेल तर आतल्या लिनक्समधनं सरळ प्र. ४ प्रमाणं करा, खिडकी दाखवायची सोय त्यातच आहे.

दोन ठिकाणी सांभाळा. व्हीसीएक्सएसआरव्ही सुरू होताना 'डिसेबल अ‍ॅक्सेस कंट्रोल' असा चौकोन येतो, यूट्यूबवर बरेच जण टिक करायला सांगतात, करू नका, ते एक्सहोस्ट प्लसच आहे वेगळ्या कपड्यात. आणि विंडोज फायरवॉल विचारतं की ह्याला नेटवर्कवर येऊ देऊ का, तिथं कॅन्सल. पुटी त्याच मशीनवर आहे, बाहेरच्या कुणाला एक्सपर्यंत यायचं कामच नाही.

६. आणि मॅकवर?

एक्सक्वार्ट्झ (मॅकचा एक्स सर्व्हर) टाका, एकदा लॉग-आउट करून परत या, मग टर्मिनलमधनं जोडा. पूर्वी अ‍ॅपल एक्स११ सोबतच द्यायचं, २०१२ च्या माउंटन लायनपासनं बंद केलं. मॅकवर कॅपिटल एक्सला बऱ्याचदा अडतं आणि कॅपिटल वाय लागतं, पण ते करायच्या आधी प्र. ८ वाचा.

७. 'कान्ट ओपन डिस्प्ले' येतंय, काय करू?

आधी तिकडच्या मशीनवर 'एको डॉलर डिस्प्ले' मारा, डिस्प्ले कॅपिटलमध्ये. लोकलहोस्ट कोलन १०.० असं काहीतरी दिसलं तर फॉरवर्डिंग लागलंय. १० कशाला, तर खऱ्या स्क्रीनच्या नंबरांशी भांडण नको म्हणून एसएसएच मोजायला तिथनं सुरुवात करतं, म्हणजे पोर्ट ६०१०.

काहीच दिसलं नाही तर फॉरवर्डिंग लागलेलंच नाही, आणि इथं नव्वद टक्के लोक स्वतःच्या हातानं डिस्प्ले ह्या व्हेरिएबलची किंमत भरतात. भरू नका! ती एसएसएचनंच भरायची असते. कुणीतरी बॅशआरसी फाईलमध्ये 'एक्सपोर्ट डिस्प्ले'ची ओळ टाकून ठेवली असेल तर आधी ती काढा, ती चांगल्या चालणाऱ्या गाडीला पण खीळ घालते. मग बाहेर येऊन डॅश स्मॉल व्ही लावून परत जोडा आणि काय बडबडतंय ते वाचा. 'एक्स११ फॉरवर्डिंग रिक्वेस्ट फेल्ड' असं म्हणत असेल तर एक तर सर्व्हरला बंद आहे, किंवा एक्सऑथ नाही, किंवा सर्व्हरवर कुणीतरी आयपीव्ही६ बंद केलंय. तिसरं असेल तर एसएसएचडी-कॉन्फिगमध्ये 'अ‍ॅड्रेसफॅमिली इनेट' टाकून एसएसएचडी रीलोड केलं की सुटतं. हे तिसरं कुणाला सुचत नाही, मला पण एक अख्खी दुपार लागली होती.

आणि 'ऑथॉरिटी फाईल लॉक'बद्दल काही आलं तर होम फोल्डरचा कोटा भरलाय का बघा. एक्सऑथला तिथं कुकी लिहायची असते आणि जागा नसली की ते अडून बसतं. विद्यापीठातल्या पोरांचं निम्म्या वेळा हेच निघतं, सिम्युलेशनच्या जुन्या फायली कोण काढणार?

डिस्प्ले बरोबर आहे पण टीमक्समध्येच (कनेक्शन तुटलं तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम) एरर येतो? मग प्र. १२.

८. कॅपिटल एक्स आणि कॅपिटल वाय यात फरक काय? वायनं सगळं चालतं, मग तेच का नको?

ह्या पानावरचं एकच उत्तर वाचणार असाल तर हे वाचा.

एसएसएच वाट सांभाळतं. पण खिडकी उघडली म्हणजे तिकडचा प्रोग्राम तुमच्या घरात पाहुणा म्हणून आला, आणि एक्समध्ये पाहुण्यांना खोल्याच नसतात, सगळे एकाच हॉलमध्ये. एक प्रोग्राम दुसऱ्याची खिडकी बघू शकतो, त्यात टाईप होणारं वाचू शकतो, खोटी बटणं दाबू शकतो. कॅपिटल वाय म्हणजे 'ट्रस्टेड', पाहुण्याला घरच्यासारखंच वागवायचं. आता तिकडच्या मशीनचा रूट (सगळे हक्क असलेला युजर) ज्याच्याकडं आहे, किंवा ज्यानं ते हॅक केलंय, तो तुमच्या फायलीतनं ती खोटी कुकी उचलणार आणि त्याच बोगद्यातनं उलटा तुमच्या लॅपटॉपवर येणार. तुम्ही दुसऱ्या खिडकीत बँकेचा पासवर्ड टाकताय, आणि तो बघतोय. एन्क्रिप्शन जागच्या जागी आहे, कुठं काही तुटलेलं नाही, तरी गेलं.

कॅपिटल एक्स म्हणजे 'अनट्रस्टेड'. एक्सच्या सिक्युरिटी एक्स्टेंशननं पाहुण्याला हॉलमध्ये एका कोपऱ्यात बसवलं जातं, तुमच्या बाकीच्या खिडक्यांत त्याला डोकावता येत नाही. तोटा असा की काही प्रोग्राम 'बॅडअ‍ॅक्सेस' वगैरे म्हणून पडतात, कॉपी-पेस्ट कधी कधी चालत नाही आणि थ्रीडी तर विसराच.

आता गंमत बघा. डेबियन आणि उबंटूवाल्यांनी लोकांच्या तक्रारी टाळायला 'फॉरवर्डएक्स११ट्रस्टेड' बाय डिफॉल्ट येस ठेवलंय. म्हणजे उबंटूवर कॅपिटल एक्स मारलं तरी होतं वायच, आणि लोकांना वाटतं आपण सेफ खेळतोय. तुमच्या एसएसएच कॉन्फिगमध्ये ते नो करा, मग खरा एक्स मिळेल.

माझा हिशोब साधा आहे. मशीन माझं स्वतःचं किंवा ज्याचा अ‍ॅडमिन मला माहितीय असं, तर वाय. दहा जणांना सुडो (म्हणजे रूटचे हक्क) दिलेलं लॅबचं मशीन असेल तर एक्स, नाहीतर सरळ प्र. १३ मधला व्हीएनसी, कारण त्यात तिकडचे प्रोग्राम तिकडच्याच वेगळ्या डिस्प्लेवर राहतात आणि तुमच्याकडं नुसतं चित्र येतं. आणि कॉन्फिगमध्ये सगळ्या मशीनांना मिळून 'फॉरवर्डएक्स११ येस' कधीच टाकू नका, ज्या मशीनला लागतं त्याच्याच नावाखाली टाका.

९. चांगलं चाललेलं असतं, वीसेक मिनिटांनी नवीन खिडकी उघडत नाही.

अनट्रस्टेडला २० मिनिटांची मुदत असते, त्यानंतर नवीन एक्स कनेक्शन घेत नाही. एसएसएच कॉन्फिगमध्ये 'फॉरवर्डएक्स११टाईमआउट' वाढवा. शून्य ठेवलं तर कनेक्शन असेपर्यंत चालतं, पण मग मुदतीचा फायदा पण गेला.

१०. सुडो केलं की खिडकी येत नाही, साध्या युजरला येते.

कारण बिल्ला तुमच्या युजरच्या खिशात आहे, रूटच्या नाही. पहिलं म्हणजे खिडकीवाला प्रोग्राम रूटनं चालवायची गरज आहे का? नुसती फाईल बदलायची असेल तर 'सुडोएडिट' आहे. खरंच लागत असेल तर आपल्या युजरमध्ये 'एक्सऑथ लिस्ट डॉलर डिस्प्ले' मारा, जी ओळ येईल ती कॉपी करा, दुसऱ्या युजरमध्ये जाऊन 'एक्सऑथ अ‍ॅड' आणि पुढं ती ओळ, आणि तिथं डिस्प्ले तोच ठेवा. इथं फक्त, प्र. ७ ला अपवाद म्हणून, तो हातानं भरला तर चालेल. एक्सहोस्ट प्लस मारायचा मोह होईल, तेव्हा प्र. ३ मधले डोळे आठवा.

११. लै स्लो आहे हो. मेनू उघडायला चहा होतो. फायबर घेतलं तरी तेच!

फायबरनं फरक पडत नाही कारण रोग स्पीडचा नाही, फेऱ्यांचा आहे. पंगतीत वाढपी एकच आहे आणि प्रत्येक ताटाला 'भात वाढू का' विचारायला तो आत स्वयंपाकघरात जाऊन परत येतो असं समजा, भात कितीही असू दे, पंगत उठणार नाही. एक्सचे प्रोग्राम असेच प्रश्न विचारत बसतात, ऑफिसच्या लॅनवर ते कळत नाही, पण घरातनं अमेरिकेतल्या क्लाउडवर गेलात की प्रत्येक फेरीला पाव सेकंद जातो आणि एका मेनूला अशा शेकडो फेऱ्या. त्यात आजचे प्रोग्राम रेघा-अक्षरं न पाठवता तयार चित्रंच पाठवतात, म्हणजे ओझं पण वाढलं.

डॅश कॅपिटल सी लावून कॉम्प्रेशन चालू करा, हळू लाईनवर थोडा फरक पडतो, लॅनवर उलट उगाच सीपीयू खातो. खरा इलाज वेगळा. एकदोन खिडक्या हव्या असतील तर एक्सप्रा, अख्खा डेस्कटॉप हवा असेल तर एक्सटूगो. दोन्ही एसएसएचवरनंच जातात आणि त्या फेऱ्या तिकडच्या तिकडं मिटवतात. फक्त एक्सटूगोला नवं जीनोम झेपत नाही, एक्सएफसीई किंवा माटे टाका.

आणि खरंच खिडकी लागते का ते पण बघा. नुसता ग्राफ बघायचा असेल तर पीएनजी काढून एससीपीनं (एसएसएचवरनं फाईल आणणारी कमांड) आणणं सगळ्यात फास्ट.

१२. लाईट गेली, राऊटर बंद, आणि चार तास चाललेला प्रोग्राम पण गेला. टीमक्समध्ये होता तरी!

टीमक्स टर्मिनल जगवतं, खिडकी नाही. एसएसएच तुटलं की एक्सचा धागा तुटतो आणि प्रोग्राम खाली पडतो. परत जोडून जुन्या टीमक्समध्ये गेलात की तिथला डिस्प्ले पण जुनाच असतो, कालचा १०.० असतो आणि आज मिळालेला ११.०, म्हणून एरर.

इथं एक्सप्रा. ते तिकडं एक लपलेला डिस्प्ले चालवतं, प्रोग्राम त्यावर जगतो आणि तुम्ही पाहिजे तेव्हा जोडायचं-सोडायचं. २०२१ च्या जुलैत पुराच्या पाण्यानं शिरोलीजवळ हायवे बंद होता तेव्हा मी घरातनं असंच काम ओढलं, दिवसातनं सहा-सात वेळा नेट गेलं पण खिडकी जिथं सोडली तिथंच सापडायची. दोन्हीकडं एक्सप्रा टाकावं लागतं, आणि आवृत्त्या फार लांबच्या नकोत. मोठं गणित मात्र शक्यतो खिडकीशिवायच टीमक्समध्ये चालवा, खिडकी फक्त निकाल बघायला.

१३. आमच्याकडं व्हीएनसी आहे, राऊटरवर पोर्ट उघडलं की झालं ना?

नको. साध्या व्हीएनसीत पासवर्डची पहिली ८ अक्षरंच मोजतात, पुढं कितीही लिहा, आणि स्क्रीन उघडीच जाते. व्हीएनसी सर्व्हर 'लोकलहोस्ट' पर्यायानं सुरू करा म्हणजे तो बाहेर तोंडच काढत नाही, मग आपल्याकडनं एसएसएच डॅश कॅपिटल एल ५९०१ कोलन लोकलहोस्ट कोलन ५९०१, आणि व्ह्यूअरला लोकलहोस्टचं ५९०१ द्या. एक्सआरडीपीला (विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपसारखा सर्व्हर) पण हीच युक्ती, पोर्ट ३३८९. बाहेर उघडं राहतं ते फक्त एसएसएच.

१४. थ्रीडी मॉडेल उघडलं की काळी खिडकी येते किंवा पडतं.

ओपनजीएलची, म्हणजे थ्रीडी चित्र काढायची, आज्ञा नेटवर्कवरनं पाठवायची जुनी पद्धत एक्स.ऑर्गनं बाय डिफॉल्ट बंद केलीय, आणि चालू केली तरी नवीन सॉफ्टवेअरला ती पुरत नाही. व्हर्च्युअलजीएल वापरा, 'व्हीजीएलरन' आणि पुढं प्रोग्रामचं नाव. त्यात चित्र तिकडच्या ग्राफिक्स कार्डवर तयार होतं आणि तुमच्याकडं तयार चित्र येतं. व्हीएनसीच्या आत हे बसवलं की उद्यमनगरातल्या पॅटर्नवाल्यांचं कॅड मॉडेल पण घरात बसून फिरवता येतं, लोण्यासारखं नाही, पण फिरतं.

१५. मधे एक गेटवे मशीन आहे, त्यातनं उडी मारून आत जायचंय.

गेटवेवर लॉगिन करून तिथनं परत एसएसएच करू नका. डॅश कॅपिटल जे लावून गेटवेचं नाव द्या, मग आतलं मशीन, सोबत कॅपिटल एक्स. २०१६ च्या ओपनएसएसएच ७.३ पासनं आहे. गेटवे नुसता पाईप राहतो, तुमची कुकी त्याला दिसत नाही आणि तिथं एक्सऑथ पण लागत नाही. एजंट फॉरवर्डिंगची (आपली किल्ली मधल्या मशीनला वापरू देण्याची) पण गरज संपते, ते बरंच.

१६. माझ्या लॅपटॉपवर वेलँड आहे, मग हे सगळं बंद का?

नाही. वेलँड म्हणजे एक्सच्या जागी आलेली नवी पद्धत, पण त्यात एक्सवेलँड नावाचा दुभाषा असतो, तिकडनं आलेली एक्सची खिडकी तो दाखवतो. तिकडचा प्रोग्राम फक्त वेलँडच बोलणारा असेल तर वेपाईप, ते पण एसएसएचवरनंच चालतं.

१७. तिकडच्या एडिटरमध्ये मराठीच्या जागी चौकोन दिसतात. माझ्या लॅपटॉपवर तर फॉन्ट आहेत.

फॉन्ट तुमच्याकडचे वापरत नाही तो. आजकालचे प्रोग्राम अक्षरं स्वतःच्या मशीनवर रंगवून पाठवतात, म्हणून देवनागरी फॉन्ट तिकडं पाहिजे, लोहित किंवा नोटो टाका आणि प्रोग्राम बंद करून उघडा. कीबोर्डचं नेमकं उलटं, तो तुमच्याकडं आहे, म्हणून एक्सकेबीचा मराठी इनस्क्रिप्ट लेआउट आपल्या लॅपटॉपवरच लावा. आयबससारखं काही वापरून रोमनमधनं मराठी उमटवत असाल तर ते तिकडं बसवावं लागतं, आणि लांबच्या लाईनवर एकेक जोडाक्षर उमटायची वाट बघायला लागते.

१८. तिकडचा फायरफॉक्स सुरू केला तर माझाच फायरफॉक्स उघडतो!

एकाच स्क्रीनवर आधीच एक फायरफॉक्स दिसला की दुसरा त्यालाच निरोप देतो. 'नो-रिमोट' पर्याय लावून सुरू करा. तिकडच्या राऊटरचं पान बघण्यापुरता ब्राउझर हवा असेल तर डॅश कॅपिटल डी लावून सॉक्स प्रॉक्सी करा आणि आपलाच ब्राउझर वापरा, कितीतरी हलकं.

१९. आवाज येत नाही.

एक्समध्ये आवाज नसतोच. एक्सप्रा किंवा एक्सटूगो.

२०. मशीन माझ्या ताब्यात आहे, मी काय बंद करू?

एसएसएचडी-कॉन्फिगमध्ये रूट लॉगिन नो, सगळ्यांच्या एसएसएच की (पासवर्डऐवजी चालणाऱ्या किल्ल्या) बसवून झाल्यावर पासवर्ड लॉगिन नो, आणि 'एक्स११यूजलोकलहोस्ट' येस आहे तसंच राहू दे. ही किल्ली ईडी२५५१९ ह्या प्रकारची करा आणि तिला पासफ्रेज लावा. एक्स फॉरवर्डिंग मॅच युजर लावून ज्यांना लागतं त्यांनाच द्या, पण ज्याला शेल दिलाय तो स्वतःचा जुगाड करून एक्स बाहेर नेऊ शकतो, हे ओपनएसएसएचच्या मॅन्युअलमध्येच लिहिलंय, तेव्हा ते बंद करून लै काही मिळवलं असं समजू नका. तसंही ह्यातला धोका सर्व्हरपेक्षा जोडणाऱ्याच्या लॅपटॉपला जास्त, प्र. ८.

फाईल बदलल्यावर 'एसएसएचडी डॅश टी', टी स्मॉल, मारून चूक आहे का बघा, मग रीलोड करा, आणि आधीचं कनेक्शन तसंच चालू ठेवून दुसऱ्या खिडकीतनं लॉगिन होतंय का ते तपासा. मी एकदा हे न करता कागलमधनं कॉन्फिग बदललं आणि स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं, रात्री साडेनऊला गाडी काढून शिरोलीला जावं लागलं, आणि वॉचमन ओळखत असून आत सोडेना ते वेगळंच.